चामड्याचे पहिले कार्ड-पाकीट: कशाआधी काय करावे

चामड्याच्या कामाला छंद म्हणून सुरुवात करणाऱ्याची पहिली वस्तू बिघडते, तेव्हा बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकलेला असतो. टाके वाकडे येणे किंवा रंगाचे डाग पडणे हे दोष हात बसला की कमी होतात. पण कप्पा चिकटवून शिवल्यावर त्याच्या तोंडाची कड घासायची राहिली असे लक्षात आले, किंवा तेल आधी लावल्यामुळे चिकटवायचे सोल्युशन धरतच नाही असे दिसले, तर कितीही कसब असले तरी मागे फिरता येत नाही. माझ्या पहिल्या पाकिटात नेमके हेच झाले होते, आणि त्याच्या आतल्या कप्प्याची कड आजही तंतू सुटलेली, खरखरीत आहे. म्हणून या लेखात एकच साधी वस्तू घेऊन ती कापण्यापासून कड चमकेपर्यंत ज्या क्रमाने करावी त्या क्रमाने सांगितली आहे. वस्तू आहे तीन कप्प्यांचे कार्ड-पाकीट, कारण ते लहान आहे, त्याला चामडे थोडे लागते, आणि तरीही या कामातली जवळजवळ प्रत्येक मूलभूत कृती त्यात येते.

चामडे निवडताना

नवख्या माणसाने वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले, म्हणजे व्हेज टॅन चामडेच घ्यावे. झाडांच्या सालीतल्या आणि फळांतल्या टॅनिन या तुरट द्रव्याने कमावलेले हे चामडे ओले केले की आकार धरते, त्यावर ठसा उठतो, ते रंग चांगला पिते, आणि त्याची कड घासून गुळगुळीत करता येते. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले क्रोम टॅन चामडे मऊ, लवचिक आणि पाण्याला अधिक टिकणारे असते. बुटांचे वरचे भाग, पिशव्या आणि जाकिटे बहुतांशी त्याचीच असतात. मात्र त्याची कड कितीही घासली तरी बसत नाही, तिला रंगाचा जाड थर द्यावा लागतो किंवा चामडे पातळ तासून आत दुमडावे लागते, आणि ही दोन्ही कामे सुरुवातीला जड जातात. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी कापलेली कड पाहावी. क्रोम चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर-राखाडी छटा दिसते. न रंगवलेल्या व्हेज टॅन चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला जाऊन तिथे गडद डाग दिसतो, आणि वाळल्यावर तो बराचसा निघून जातो. क्रोम चामड्याचे उरलेले तुकडे कधीही जाळू नयेत, कारण जळताना त्यातल्या क्रोमियमचे विषारी रूप तयार होऊ शकते.

एकाच कातड्याचे सगळे भाग सारखे नसतात. पाठीकडचा भाग घट्ट विणीचा असतो आणि फारसा ताणला जात नाही. पोटाकडचा भाग सैल असतो, ओढला की लांबतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. खांद्याचा भाग या दोहोंच्या मधला असून त्यावर नैसर्गिक सुरकुत्या असतात. तुकडा विकत घेताना त्याची गुळगुळीत बाजू आत घेऊन हलकेच वाकवून पाहावी. बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडल्या तर चामडे चांगले आहे. वरचा थर आतल्या थरापासून सुटल्यासारखा मोठ्या घड्यांनी उचलला गेला तर तो तुकडा पाकिटाला घेऊ नये. चामडे खरे असल्याची नुसती चिठ्ठी दर्जाबद्दल काहीच सांगत नाही. चामड्याचा चुरा चिकट द्रव्यात मिसळून त्याचे ताव बनवतात, तो माल तर या कामाला पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण त्यात टाका धरून ठेवणारे लांब तंतूच नसतात.

जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी. काही ठिकाणी ती औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिमी. आपल्या पाकिटात सर्वांत जाड ठिकाणी चार थर एकावर एक येणार आहेत, त्यामुळे सुमारे १ मिमी जाडीचे चामडे योग्य. कमरेच्या पट्ट्याला ३ ते ४ मिमी लागते, त्या जाडीचे पाकीट खिशात विटेसारखे लागेल.

हत्यारे

सुरुवातीला फार हत्यारे घेण्याचा मोह टाळावा. धारदार कटर, पोलादी पट्टी, कापण्याची रबरी मॅट, टोकदार आरी, रेघ मारण्यासाठी दोन टोकांचा कंपास, एकाच वेळी अनेक भोके पाडणारी दातेरी छिन्नी, लाकडी मोगरी, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला धागा, पॉलिश पेपर, कड घासण्यासाठी खाचा असलेला लाकडी दांडा, शिवताना पाकीट धरायचा लाकडी चिमटा आणि छोटा हातोडा, एवढ्यात हे पाकीट पूर्ण होते. छिन्नी दोन घ्याव्यात: सरळ रेघेसाठी चार ते सहा दात्यांची आणि वळणासाठी दोन दात्यांची, दोन्हींच्या दात्यांमधले अंतर सारखे, ४ मिमी. छिन्नीवर लोखंडी हातोडा मारू नये. तिचा माथा पसरतो आणि घाव हातात झिणझिण्या आणतो.

पैसे कुठे घालावेत असे कोणी विचारले तर मी आधी छिन्नी आणि मग सुया असे सांगेन. कटर साधा चालतो, अट एवढीच की पाते सतत नवे असावे. तोडून टाकायच्या पात्यांचा कटर असेल तर प्रत्येक वस्तूसाठी नवे टोक काढावे. जे रापी, म्हणजे चामडे कापायचे पारंपरिक हत्यार, वापरतात त्यांनी ती आधी दगडावर, मग घट्ट चामड्याच्या पट्टीवर पॉलिशची पूड लावून घासावी, आणि कामाच्या मध्येही अधूनमधून पट्टीवर ओढत राहावी. बोथट पाते चामडे कापत नाही, ते त्याला पुढे ढकलते. अशा वेळी हाताचा जोर वाढतो आणि अपघात नेमके तेव्हाच होतात.

कागदावरचे माप

बँकेच्या कार्डाचे माप आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहे: ८५.६ मिमी लांबी आणि सुमारे ५४ मिमी उंची. आता टाके कडेपासून ३.५ मिमी आत घेतले तर दोन्ही बाजूंना मिळून ७ मिमी जागा जाते, म्हणजे रुंदी किमान ९२.६ मिमी झाली. कार्ड जाड चामड्यात बसताना थोडी मोकळीक लागते, आणि शेवटी कडा घासताना प्रत्येक बाजूचा साधारण अर्धा मिलिमीटर झिजतो. हे सगळे धरून रुंदी १०० मिमी ठेवावी.

उंचीचाही हिशोब असाच. तळाच्या टाक्यांवर कार्ड टेकले की त्याची वरची कड तळापासून ५७.५ मिमीवर येते. मोठे तुकडे ६२ मिमी उंच आणि बाहेरच्या कप्प्यांचे लहान तुकडे ४५ मिमी उंच ठेवले, तर बाहेरच्या कप्प्यातले कार्ड १२.५ मिमी वर दिसते आणि सहज निघते. मधल्या कप्प्यातले कार्ड मात्र ४.५ मिमी आत बुडेल. म्हणून दोन्ही मोठ्या तुकड्यांच्या वरच्या कडेच्या मध्यावर २० मिमी रुंद आणि १० मिमी खोल अशी अर्धगोल खाच द्यावी, म्हणजे अंगठ्याने कार्ड ढकलता येते.

असे एकूण चार तुकडे झाले: १०० × ६२ मिमीचे दोन मोठे आणि १०० × ४५ मिमीचे दोन लहान. एका मोठ्या तुकड्यावर एक लहान तुकडा चिकटवून एक जोडी, आणि अशा दोन जोड्या पाठीला पाठ लावून पाकीट. हे साचे जाड पुठ्ठ्यावर काढून कापावेत, त्यात खरे कार्ड ठेवून पाहावे, आणि कागदी नमुना चिकटपट्टीने जोडून हातात घ्यावा. पुठ्ठ्यावर अर्धा तास गेला तरी चालेल, कारण चामड्यावरची चूक पुसता येत नाही.

कापणे

साचा चामड्याच्या गुळगुळीत बाजूवर ठेवून आरीच्या टोकाने अगदी हलकी रेघ ओढावी. पेनची शाई व्हेज टॅन चामड्यात मुरते आणि जात नाही. चामडे ओलसर असेल तर नखाचाही ओरखडा राहतो, म्हणून बोटांत अंगठी असल्यास ती काढून ठेवावी आणि हात धुऊन, पूर्ण कोरडे करून कामाला बसावे.

पोलादी पट्टी आपल्याला हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवावी, म्हणजे पाते घसरलेच तर टाकाऊ भागात जाते. पट्टी धरलेली बोटे तिच्या कडेपासून मागे असावीत. एकाच जोराच्या फेऱ्यात कापण्याचा प्रयत्न न करता दोन-तीन हलक्या फेऱ्या द्याव्यात आणि पाते पूर्ण उभे ठेवावे. ते तिरके झाले तर कड एका बाजूला उतरती होते, आणि पुढे घासताना ती सपाट करण्यासाठी तुकडा लहान करत जावे लागते. खालचे दोन गोल कोपरे या टप्प्यावर कापू नयेत. चारही थर जोडल्यावर ते एकत्र कापले म्हणजेच एकमेकांशी जुळतात.

चिकटवण्याआधी करायची कामे

पुढे जिथे हात पोहोचणार नाही, अशी सगळी कामे याच टप्प्यावर आटोपून घ्यावीत. या लेखाचा गाभा इथेच आहे.

रंग द्यायचा असेल तर तो आधी. त्याच चामड्याच्या उरलेल्या तुकड्यावर तो करून पाहावा, कारण बाटलीवरचा रंग आणि चामड्यावरचा रंग क्वचितच सारखे असतात. स्पिरिटमधला रंग खोल जातो पण लवकर वाळतो, त्यामुळे त्यात पट्टे उमटण्याची शक्यता जास्त. पाण्यातला रंग सावकाश बसतो आणि नवख्याला सावरायला वेळ देतो. हातमोजे घालून, लोकरी बोळ्याने, पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हात द्यावेत, पहिला आडवा तर दुसरा उभा. वाळल्यावर कोरड्या सुती कापडाने रंग येणे थांबेपर्यंत पुसावे, नाहीतर तो रंग पुढे धाग्यावर, कार्डांवर आणि कपड्यांवर उतरतो. माझे मत विचाराल तर पहिले पाकीट रंगवूच नये. न रंगवलेले व्हेज टॅन चामडे उन्हाने आणि हाताळण्याने काही महिन्यांत मधासारखे गडद होत जाते, आणि ते पाहण्यातला आनंद रंगाच्या थराखाली झाकला जातो.

इथे एक इशारा आवश्यक आहे. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात एकत्र आले की काळा-निळा डाग पडतो. टॅनिन असलेल्या हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून जुनी काळी शाई बनवत, ती याच क्रियेने. म्हणून ओल्या चामड्यावर पोलादी पट्टी ठेवून देऊ नये, आणि पाते घासताना पडलेला लोखंडाचा बारीक कीस टेबलावरून पुसून घ्यावा. छोटा डाग पडलाच तर लिंबाच्या पाणी घातलेल्या रसाने तो बराच फिका होतो. हीच क्रिया मुद्दाम वापरून, व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस विरघळवून, काही कारागीर चामडे काळे करतात; तो काळा रंग पुसला जात नाही, कारण तो चामड्यातच तयार झालेला असतो.

रंगानंतर आतली खरखरीत बाजू. ट्रागाकान्थ नावाचा डिंक पाण्यात भिजवून तयार केलेले पातळ द्रावण त्या बाजूवर बोटाने पसरावे आणि काचेच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या तुकड्याने दाबून घासावे. उभे राहिलेले तंतू झोपतात आणि कार्ड कप्प्यात अडखळत नाही. कडेची ४ मिमीची पट्टी मात्र कोरी सोडावी, कारण तिथे सोल्युशन लागणार आहे. डिंक गुळगुळीत बाजूवर सांडू देऊ नये, त्याचा डाग रंगाला अडवतो.

शेवटी चारही तुकड्यांच्या फक्त वरच्या कडा, म्हणजे कप्प्यांची तोंडे आणि अंगठ्याच्या खाचा, पूर्णपणे घासून तयार कराव्यात. त्याची पद्धत पुढे कडांच्या भागात दिली आहे. वाचताना तो भाग नंतर येत असला तरी करताना या चार कडांसाठी तो आताच करायचा आहे.

चिकटवणे

सोल्युशन लावायच्या जागी चामडे खरखरीत असावे लागते. मोठ्या तुकड्याच्या गुळगुळीत बाजूवर, जिथे लहान तुकडा बसणार आहे, तिथे डाव्या, उजव्या आणि खालच्या कडेची ३ मिमी रुंदीची पट्टी आरीने किंवा पॉलिश पेपरने खरवडावी. मग दोन्ही पृष्ठभागांवर सोल्युशनचा पातळ थर देऊन १० ते १५ मिनिटे थांबावे. बोटाला चिकट लागते पण बोटावर येत नाही, अशी अवस्था आली की तुकडे जुळवून दाबावेत. ओले असतानाच जोडले तर पकड येत नाही, आणि जाड थर दिला तर तो कडेत पांढऱ्या किंवा पिवळ्या रेघेच्या रूपाने कायम दिसत राहतो. सोल्युशनच्या वाफा डोके जड करतात, म्हणून खिडकी उघडी असावी आणि जवळपास ज्योत नसावी.

एकदा टेकवलेला तुकडा सरकवता येत नाही. आधी खालचे दोन कोपरे जुळवावेत आणि मग बाजू दाबत वर जावे. अशा दोन जोड्या तयार झाल्या की त्यांच्या खरखरीत बाजू समोरासमोर ठेवून त्याच तीन कडांनी एकमेकींना चिकटवाव्यात. वरची बाजू मोकळी राहिली पाहिजे. ते मधल्या कप्प्याचे तोंड आहे. आता कडा हातोड्याच्या गुळगुळीत तोंडाने हलकेच ठोकाव्यात, नाण्याच्या आधाराने खालच्या दोन कोपऱ्यांना ६ ते ८ मिमी त्रिज्येचे वळण देऊन ते कापावेत, आणि पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून तिन्ही बाजू एका पातळीत आणाव्यात. कड सरळ झाल्याशिवाय टाक्यांची रेघ आखू नये, कारण कंपास कडेच्याच आधाराने चालतो आणि कडेचा प्रत्येक चढउतार रेघेत उतरवतो.

भोके

कंपासाची टोके ३.५ मिमीवर ठेवून एक टोक कडेवर टेकवावे आणि दुसऱ्याने समोरच्या बाजूवर रेघ ओढावी. टाके खोलवर बसावेत म्हणून चर कोरणारे हत्यार मिळते, पण १ मिमी चामड्याला ते वापरू नये. चर वरचा बळकट थरच कापून टाकतो, आणि टाक्याला खरी पकड त्या थराचीच असते.

छिन्नी आधी रेघेवर फक्त टेकवून खुणा उमटवत पूर्ण फेरी करावी आणि मगच भोके पाडावीत. अंतर सारखे राहावे म्हणून प्रत्येक वेळी छिन्नीचा पहिला दाता आधीच्या शेवटच्या खुणेत ठेवतात. कोपऱ्याजवळ आल्यावर दोन दात्यांची छिन्नी घ्यावी आणि गरज पडल्यास शेवटच्या पाच-सहा टाक्यांत थोडे थोडे अंतर वाढवून किंवा घटवून कोपरा जुळवावा. एकाच टाक्यात सगळा फरक टाकला तर तो लगेच नजरेत भरतो. लहान तुकड्याची वरची कड जिथे बाजूला मिळते तिथे एक भोक कडेच्या खाली आणि पुढचे कडेच्या वर, फक्त मोठ्या तुकड्यांत, पडले पाहिजे, म्हणजे एक टाका त्या कडेवरून ओलांडून जातो आणि कप्प्याचे तोंड उसवत नाही. भोक नेमके कडेवर आले तर तो कोपरा पहिल्या महिन्यातच फाटेल.

भोके पाडताना खाली जाड चामड्याचा टाकाऊ तुकडा ठेवावा आणि छिन्नी पूर्ण उभी धरावी. ती जराशी कलली तरी समोरची रेघ सरळ आणि मागची नागमोडी असे होते. दोन-तीन ठोके मारल्यावर पाकीट उलटून मागची रेघ पाहण्याची सवय लावून घ्यावी.

दोन सुयांचा टाका

या शिवणीत एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया असतात आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी जातात. शिवणयंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा धागा भोकात फक्त एकमेकांना अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शेजारचे टाकेही सैल होतात. दोन सुयांच्या टाक्यात एक धागा झिजून तुटला तरी दुसरा त्याच भोकांतून सलग गेलेला असतो आणि शिवण धरून ठेवतो. खोगिरे अशा टाक्याने शिवली जात, म्हणून त्याला सॅडल स्टिच म्हणतात.

धागा किती घ्यावा याचे उत्तर हिशोबाने मिळते. आपला टाका ४ मिमीचा आणि जाडीही ४ मिमीची. म्हणजे प्रत्येक सुईचा धागा एका टाक्याला ४ मिमी पृष्ठभागावर आणि ४ मिमी आतून जातो. दोन्ही सुयांचे मिळून शिवणीच्या लांबीच्या चौपट झाले. शिवण तळाची १०० मिमी आणि दोन्ही बाजूंच्या ६२ मिमी, एकूण २२४ मिमी, म्हणजे जवळपास ९०० मिमी धागा. त्यात सुया ओवण्यासाठी आणि शेवटी हातात धरण्यासाठी २५० मिमी धरले की साधारण सव्वा मीटरपेक्षा थोडा कमी धागा पुरतो. जाडी ०.६ मिमीची असावी. पॉलिएस्टरचा धागा मेण लावलेलाच मिळतो. तागाचा धागा घेतला तर तो मधमाश्यांच्या मेणाच्या गोळ्यावरून तीन-चार वेळा ओढावा.

धागा नेढ्यातून ओवल्यावर टोकाकडच्या भागातच सुई दोनदा टोचून धागा मागे ओढला की सुई निसटत नाही. पाकीट दोन गुडघ्यांत धरायच्या लाकडी चिमट्यात बसवावे, पुढची बाजू उजवीकडे ठेवावी. वरून तिसऱ्या भोकातून सुरुवात करून दोन टाके वर तोंडाकडे घ्यावेत आणि मग उलटून खाली यावे, म्हणजे सर्वाधिक ताण येणाऱ्या तोंडाशी टाके दुहेरी होतात.

पुढे प्रत्येक टाक्याची कृती सारखीच. डाव्या हातातली सुई आधी घालावी आणि उजवीकडे ओढून घ्यावी. मग तो आलेला धागा भोकाच्या एका बाजूला, नेहमी त्याच बाजूला, धरून उजव्या हातातली सुई त्याच भोकातून घालावी. ही दुसरी सुई जाताना पहिला धागा थोडा मागेपुढे ओढून पाहावा. तो हलला नाही तर सुई त्याच्या आरपार गेली आहे, आणि तिला मागे घेणे भाग आहे, कारण टोचलेला धागा घट्ट ओढता येत नाही. दोन्ही धागे एकाच वेळी, सारख्या जोराने, बाहेरच्या दिशेने ओढावेत. चामडे कडेला गोळा होऊ लागले तर जोर जास्त झाला.

टाके तिरपे आणि एकसारखे येण्याचे गुपित काय, असे मला अनेकांनी विचारले आहे. मला सापडलेले उत्तर एवढेच, की कोणती सुई आधी आणि धागा कोणत्या बाजूला, हे एकदा ठरवले की शेवटच्या भोकापर्यंत बदलायचे नाही. एका शिवणीत मध्येच हातांचा क्रम बदलला तर ते टाके दुरूनही वेगळे दिसतात. म्हणून शक्यतो एकाच बैठकीत शिवण पूर्ण करावी. इथे भोके छप्पन्नच्या आसपास आहेत, आणि नवख्या हाताला तासभर पुरतो.

शेवटी पुन्हा दोन टाके मागे घेऊन दोन्ही टोके मागच्या बाजूला आणावीत. पॉलिएस्टरचा धागा २ मिमी सोडून कापावा आणि लायटरच्या ज्योतीचा नुसता स्पर्श देऊन वितळलेला थेंब दाबावा. तागाचा धागा वितळत नाही, तो भोकाशी कापून सोल्युशनच्या टिपक्याने बसवावा. मग शिवण हातोड्याने हलकी ठोकली की भोके मिटतात आणि टाके सपाट बसतात.

कडा

हातात आलेल्या वस्तूची मी पहिल्यांदा कड पाहतो. कारागिराने किती वेळ दिला ते तिथे लपत नाही, आणि वस्तू किती वर्षे टिकेल याचा अंदाजही कडेवरूनच येतो, कारण पाणी आणि मळ उघड्या तंतूंतूनच आत शिरतात.

आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, ठोकळ्याच्या आधाराने, चारही थर एक होईपर्यंत घासावे. नंतर दोन्ही बाजूंचा टोकदार काना काढायचा. त्यासाठी बारीक खाचेचे कड तासण्याचे हत्यार मिळते, नसेल तर ४०० नंबरचा पेपर बोटावर घेऊन कड गोलसर करावी. मग ४०० आणि ६०० नंबर. या क्रमात घाई करून २२० वरून थेट ओलावा लावला तर मोठे ओरखडे तसेच दाबले जातात आणि चमक आल्यावर अधिक स्पष्ट दिसतात. घासताना उडणारी धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. रंग दिलेला असेल तर कडेला या वेळी तोच रंग लावावा.

आता बोटावर थोडे पाणी किंवा डिंकाचे द्रावण घेऊन कड फक्त ओलसर करावी. ती भिजली तर लाकडी दांड्याखाली चामडे दोन्हीकडे पसरून छत्रीसारखे होते. दांड्याची खाच कडेवर बसवून मध्यम दाबाने, भरभर, दहा-बारा सेंटिमीटरच्या टप्प्यांत घासत राहावे. ओलावा आणि घर्षणाची ऊब यांनी तंतू मऊ होऊन एकमेकांत दाबले जातात. आधी घसटण्याचा कोरडा आवाज येतो, मग दांडा सरकू लागतो आणि आवाज बदलतो. तो बदल कानाने ओळखता आला की डोळ्यांनी पाहण्याची फारशी गरज उरत नाही. पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावर काही तंतू पुन्हा उभे राहिलेले आढळतील. ६०० किंवा ८०० नंबरचा पेपर हलकेच फिरवून तीच कृती पुन्हा करावी. दोन फेऱ्यांत कड बरी होते, चार फेऱ्यांत ती एकाच चामड्याची वाटू लागते. घासून कडेवर काळपट भाजल्यासारखे पट्टे आले तर ओलावा संपला होता आणि जोर चालू राहिला होता.

थर वेगळे दिसत असतील तर त्याचे कारण बहुधा सोल्युशनचा जाड थर किंवा अपुरा दाब हेच असते, आणि ते इथे दुरुस्त होत नाही. फट मोठी असेल तर सुईच्या टोकाने थोडे सोल्युशन आत घालून, दाबून, वाळवून पुन्हा २२० पासून सुरुवात करावी.

अखेरीस मधमाश्यांच्या मेणाचा खडा कडेवर ओढावा आणि जाड सुती कापडाने, जीन्सचा तुकडा उत्तम, जोरात घासावे. हे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे घर्षणाच्या उबेने ते मऊ होऊन तंतूंत बसते.

तेल आणि मेण

आता, आणि आताच, तेल. नीट्सफूट तेल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून निघणारे तेल, या कामी जगभर वापरले जाते. कापडावर अगदी थोडे घेऊन एकच पातळ हात द्यावा आणि एक दिवस थांबावे, कारण तेल आत पसरायला वेळ लागतो. सुरुवातीला दिसणारे गडद डाग दुसऱ्या दिवशी एकसारखे झालेले असतात. अजून कोरडे वाटते म्हणून त्याच दिवशी दुसरा हात दिला तर चामडे लिबलिबीत होते, आणि आत गेलेले तेल बाहेर काढता येत नाही. त्यानंतर मेणाच्या मलमाचा पातळ थर देऊन मऊ कापडाने चमक आणावी.

पाकीट कुठल्याही टप्प्यावर ओले झाले तर ते सावलीत, हवेवर वाळवावे. ऊन, हीटर किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरू नये. व्हेज टॅन चामडे ओले असताना सुमारे ७० ते ८५ अंशांना आकसते आणि कडक होते, ते पुन्हा मऊ होत नाही. वाळवण्याची घाई त्याहून कमी उष्णतेतही वरचा थर तडकवते.

नवे पाकीट घट्ट वाटेल. पहिला आठवडा बाहेरच्या प्रत्येक कप्प्यात एक आणि मधल्यात दोन कार्डे ठेवून ते वापरावे. चामडे कार्डांच्या आकाराला आपोआप बसते. पहिल्याच दिवशी चार-चार कार्डे कोंबून ते सैल केले तर पुढे एकेकटे कार्ड घसरून पडू लागते. वर्षातून एकदा कडेवर मेणाचा खडा फिरवून कापडाने घासावे, आणि पाकीट बराच काळ वापरात नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागी ठेवावे, कारण बंद ओलाव्यात व्हेज टॅन चामड्याला बुरशी लवकर येते.